वीस मिनिटांचे जेवण : कोणाची मिनिटे?

अमेरिकेतील कष्टकरी कुटुंबाच्या संध्याकाळच्या जेवणात गेल्या काही दशकांत एका पदार्थाने कायमची जागा मिळवली आहे. गोमांसाचा खिमा, झटपट नूडल्सची दोन-तीन पाकिटे, सोया सॉस, आले, लसूण, थोडी साखर आणि वरून पातीचा कांदा, एवढ्या सामग्रीवर चार माणसांचे जेवण वीस मिनिटांत सिद्ध होते. पदार्थाला ‘आशियाई पद्धतीचा’ म्हणतात. आशियातील नेमक्या कोणत्या देशाचा, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पाककृतींच्या पुस्तकांत आणि किराणा मालाच्या जाहिरातींत तो दोन विशेषणांनिशी वावरतो : झटपट आणि स्वस्त.

ही दोन विशेषणे तपासून पाहणे आवश्यक झाले आहे. स्वयंपाकघराचा विषय राजकीय साप्ताहिकाच्या पानावर कशाला, असे ज्या कार्यकर्त्याला वाटेल त्याने एवढे ध्यानात घ्यावे, की कामगाराच्या मजुरीचा मोठा वाटा ज्या चुलीवर खर्च होतो आणि कामगार स्त्रीच्या उरलेल्या दिवसाचा मोठा वाटा ज्या चुलीपुढे जातो, ती चूल अर्थकारणातून वगळणारे राजकारण अर्धेच राहते.

कृती आणि तिच्यातील वगळलेला भाग

कृती सोपी आहे. एका भांड्यात पाणी उकळत ठेवावयाचे. दुसऱ्या बाजूला जाड बुडाचा तवा चांगला तापवून त्यात पौंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, खिमा पसरावयाचा आणि दोन-तीन मिनिटे त्याला हात लावावयाचा नाही. सतत ढवळल्यास खिम्याला पाणी सुटते आणि तो खरपूस होण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजतो. खालची बाजू तांबूस झाली की तो मोडावयाचा, आले-लसूण घालावयाचे, मग सोया सॉस, साखर, तिखट आणि चमचाभर व्हिनेगर. तोवर नूडल्स तीन मिनिटे उकळून झालेल्या असतात. त्या निथळून तव्यात टाकावयाच्या आणि त्यांच्याच पिठाळ पाण्याचे चार चमचे सोडावयाचे, म्हणजे सारे एकजीव होते. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला पोहोचला पाहिजे, असा तेथील सरकारी दंडक आहे. मांसाच्या अखंड तुकड्यावरील जंतू पृष्ठभागावर राहतात, दळलेल्या मांसात ते सर्वत्र मिसळतात. १९९३ मध्ये एका उपाहारगृह-साखळीच्या कच्च्या राहिलेल्या खिम्यातून सातशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली, त्यानंतर हा दंडक लोकांच्या कानी बसला.

पदार्थ चवदार होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. दिवसभर उभ्याने काम करून घरी आलेल्या माणसाला तो गरम गरम मिळाला तर त्याला तो आवडतोच. वाद पदार्थाशी नाही. वाद आहे तो त्याच्याभोवती उभारलेल्या दोन मतांशी.

पहिले मत बाजाराच्या भाटांचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कारखान्याने नूडल्स आधीच शिजवून दिल्या, कत्तलखान्याने मांस आधीच दळून दिले, आणि अशा रीतीने भांडवलाने स्त्रीला चुलीच्या दास्यातून सोडविले. जे क्रांतीला जमले नाही ते पाकिटाने केले! दुसरे मत नीतिवाद्यांचे. त्यांना ही पाकिटे म्हणजे गृहसंस्कृतीचा ऱ्हास वाटतो. आजी तीन तास रस्सा उकळत असे, सून वीस मिनिटांत उरकते, म्हणून ते खंत करतात. एकाला पाकीट मुक्तिदाता वाटते, दुसऱ्याला पाप. दोघांचेही एका गोष्टीवर मात्र एकमत आहे : आजीचे तीन तास आणि सुनेची वीस मिनिटे ही स्त्रीनेच द्यावयाची. वाचलेला वेळ गेला कोठे, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

वाचलेल्या वेळेचा हिशेब

या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी मिळालेले आहे. अर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये ‘दुसरी पाळी’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नोकरी आणि घरकाम मिळून स्त्री पुरुषापेक्षा आठवड्याला सुमारे पंधरा तास अधिक राबते, म्हणजे वर्षाकाठी अहोरात्र कामाचा एक पूर्ण महिना अधिक भरते, असा हिशेब त्यांनी मांडला. भारतातील चित्र याहून गडद आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून एका पगारात घर चालणे कठीण होत गेले, तेव्हा दुसरा पगार आणण्यासाठी स्त्री बाहेर पडली. तिच्या श्रमशक्तीची विक्री वाढली आणि घरी परतण्याची वेळ लांबली. त्यामुळे स्वयंपाकाला उरलेला वेळ आकसला. पाकिटाने तिला मोकळा वेळ दिला, असे म्हणणे म्हणूनच उफराटे आहे. मोकळा वेळ तिच्याकडून आधीच काढून घेतला गेला होता. उरलेल्या फटीत बसेल असे जेवण बाजाराने मग तिलाच विकले. एकाच वेळेसाठी भांडवलाने दोनदा नफा घेतला : एकदा ती कामावर असताना आणि दुसऱ्यांदा ती दुकानात असताना.

नूडल्स : गव्हामागचे राजकारण

आता पाकीट उघडून पाहू जाता त्यातही इतिहास सापडतो. झटपट नूडल्सचे जनक मोमोफुकु आंदो यांचा जन्म १९१० मध्ये जपानी वसाहत असलेल्या तैवानात झाला. युद्धानंतरच्या उद्ध्वस्त ओसाकात एका टपरीपुढे गरम नूडल्ससाठी थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या माणसांची रांग त्यांनी पाहिली आणि तेथून ही कल्पना सुचली, असे ते सांगत. १९५८ मध्ये त्यांचे पहिले पाकीट बाजारात आले. नूडल्स वाफवून तेलात तळावयाच्या, म्हणजे त्यांतील पाणी उडून जाते, बारीक छिद्रे राहतात आणि उकळते पाणी घालताच त्या पुन्हा फुगतात, ही त्यामागील युक्ती. आरंभी हे पाकीट ताज्या उडोन नूडल्सच्या कितीतरी पट महाग होते. गरिबाचे अन्न म्हणून ते जन्मले नाही. प्रचंड उत्पादनाने त्याला तसे केले.

परंतु भात खाणाऱ्या जपानात एवढा गहू आला कोठून? युद्धानंतर तो अमेरिकेतून आला. १९५४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेला पब्लिक लॉ ४८० हा कायदा जगभर भुकेलेल्यांसाठीचा दानधर्म म्हणून मिरवला गेला. त्याचा उद्देश तितकाच स्पष्टपणे अमेरिकी शेतमालाच्या अतिरिक्त साठ्याला गिऱ्हाईक शोधण्याचा होता. शाळांतील मुलांना पाव देण्यात आला. १९५६ पासून स्वयंपाकघर बसविलेल्या मोटारी जपानच्या खेड्यापाड्यांत फिरून गव्हाचे पदार्थ करून दाखवू लागल्या, आणि त्यामागे अमेरिकी गहू-उत्पादकांचा पैसा होता. सरकारने पावाचा एवढा पुरस्कार करावा आणि नूडल्सचा का करू नये, हा आंदो यांचा प्रश्न होता. गहू कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या धंद्याला विचारावा लागला नाही.

महाराष्ट्रातील जुन्या कार्यकर्त्यांना हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही. याच कायद्याखाली भारताशी १९५६ मध्ये करार झाला. १९६५-६६ च्या दुष्काळात, व्हिएतनाममधील युद्धावर भारताने टीका केली म्हणून जॉन्सन सरकारने गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हप्त्याने, नाक दाबून सोडली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना परक्या कोठारातील धान्याची चव वेगळी सांगावयास नको.

आज जगात वर्षाला झटपट नूडल्सच्या दहा हजार कोटींहून अधिक पाकिटांचा खप होतो. त्या बहुतांशी पामतेलात तळल्या जातात आणि ते तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाच्या मळ्यांतून येते. अमेरिकेच्या तुरुंगांत तर याच पाकिटाचे चलन झाले आहे. तुरुंगातील जेवणावरचा खर्च कापला गेल्यावर कैद्यांच्या आपसातील देवाण-घेवाणीत तंबाखूची जागा नूडल्सच्या पाकिटाने घेतली, असे २०१६ मध्ये एका समाजशास्त्रीय अभ्यासाने दाखवून दिले. ज्या देशात पोटभर अन्नाच्या अभावी नूडल्सच नाणे होते, त्या देशातील स्वस्ताईचे गोडवे गाणाऱ्यांनी हे नाणेही एकदा हातात घेऊन पाहावे.

खिमा : हातांचा हिशेब

नूडल्सनंतर खिमा. येथे समाजवादी वृत्तपत्रसृष्टीचे स्वतःचे एक स्मरण आहे. १९०५ मध्ये कॅन्सस राज्यातून निघणाऱ्या ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकात अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. शिकागोच्या कत्तलखान्यांत पिळून निघणाऱ्या स्थलांतरित मजुरांची ती कहाणी होती. १९०६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, देश हादरला आणि त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. कायद्याने मांस तपासले; मजुराचे तास, मजुरी, तुटलेली बोटे यांना हात लावला नाही. आपण नेम धरला होता लोकांच्या हृदयावर आणि घाव बसला पोटावर, अशा आशयाची खंत खुद्द सिंक्लेअरने व्यक्त केली. ग्राहकाची शिसारी आणि कामगाराविषयीची सहानुभूती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हापासून गिरवावयाचा राहून गेला आहे.

पुढे कामगारांनी तो स्वतः गिरवला. गोऱ्या आणि काळ्या मजुरांना एकमेकांविरुद्ध वापरून शिकागोचे मालक संप मोडीत असत. १९३० च्या दशकात दोघांना एकत्र बांधणारी संघटना उभी राहू लागली, आणि १९४३ मध्ये ‘युनायटेड पॅकिंगहाउस वर्कर्स’ ही युनियन स्थापन झाली. वंशभेदाविरुद्धचा लढा तिने मजुरीच्या लढ्यापासून वेगळा काढला नाही. परिणाम असा, की १९६० च्या दशकात अमेरिकी मांस-कामगाराची मजुरी कारखानदारीतील सरासरी मजुरीच्या वर होती.

मग भांडवलाने डाव टाकला. १९६० मध्ये आयोवा राज्यात स्थापन झालेल्या एका कंपनीने कत्तलखाने शहरातून उचलून, युनियन दुबळी असलेल्या खेड्यांत, गुरांच्या गोठ्यांजवळ नेले. कसबी खाटकाचे काम तुकड्या-तुकड्यांत फोडण्यात आले. एक मजूर दिवसभर एकच काप घालणार, आणि तो काप कोणालाही दोन दिवसांत शिकविता येणार. तोडलेले मांस खोक्यांत भरून थेट दुकानात जाऊ लागले, त्यामुळे दुकानातील खाटीकही निरुपयोगी झाला. इतर कंपन्यांना तीच वाट धरावी लागली. १९८० च्या दशकात या धंद्यातील मजुरी कारखानदारीच्या सरासरीच्या खाली घसरली. शिकागोचा विख्यात गुरांचा बाजार १९७१ मध्येच बंद झाला होता.

आज अमेरिकेतील धष्टपुष्ट गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरांची कत्तल अवघ्या चार कंपन्यांच्या हाती आहे. मोठ्या कत्तलखान्यात तासाला तीनशेहून अधिक जनावरे साखळीवरून पुढे सरकतात. म्हणजे मिनिटाला पाच. स्वयंपाकघरातील वीस मिनिटांचे कौतुक करताना साखळीवरील ही मिनिटे कोणी मोजीत नाही. तीच सुरी, तोच काप, दिवसाला हजारो वेळा, त्यामुळे मनगटे सुजतात, बोटे वळत नाहीत, आणि तिशी-चाळिशीतला मजूर घरी चमचा धरू शकत नाही.

२०२० च्या महामारीत या व्यवस्थेने आपला चेहरा लपविण्याचीही तसदी घेतली नाही. मजूर खांद्याला खांदा लावून उभे, रोग फैलावलेला, आणि २८ एप्रिल २०२० रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी युद्धकाळासाठीच्या संरक्षण-उत्पादन कायद्याचा आधार घेऊन कत्तलखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. खिमा राष्ट्रीय संरक्षणाची सामग्री ठरला. खिमा करणारा मजूर ठरला नाही. पाच बड्या कंपन्यांच्या किमान ५९,००० कामगारांना लागण झाली आणि २६९ मृत्युमुखी पडले, असे अमेरिकी काँग्रेसच्याच उपसमितीने २०२१ मध्ये नोंदविले. दोन वर्षे उलटत नाहीत तोच, फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील श्रमखात्याने जाहीर केले, की कत्तलखाने धुण्याचे कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीने आठ राज्यांतील तेरा ठिकाणी १३ ते १७ वर्षांची १०२ मुले रात्रपाळीत, करवती आणि दाहक रसायने यांच्या सान्निध्यात कामाला लावली होती. दंड झाला सुमारे पंधरा लाख डॉलर, म्हणजे मुलामागे जेमतेम पंधरा हजार.

ही १९०५ ची गोष्ट नव्हे.

‘आशियाई’ म्हणजे कोण?

आता उरले ते ‘आशियाई’ हे विशेषण. चमचाभर सोया सॉस आणि थोडे आले यांनी अमेरिकी पदार्थ आशियाई होतो. आशियाई माणसाला अमेरिकी होण्यासाठी मात्र पाऊणशे वर्षे वाट पाहावी लागली.

खंडाला जोडणारी रेल्वे १८६९ मध्ये पुरी झाली. तिच्या पश्चिमेकडील भागात सिएरा नेवाडाचे खडक फोडणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. त्यांना गोऱ्या मजुरापेक्षा कमी मोल मिळे. गोऱ्यांचे जेवण कंपनी देई, चिन्यांना ते पदरचे खर्चून करावे लागे. जून १८६७ मध्ये काही हजार चिनी मजुरांनी समान मोल आणि कमी तास यांसाठी अत्यंत शिस्तीने काम बंद केले. कंपनीने गोळी झाडली नाही. तिने डोंगरात जाणारा शिधा बंद केला. आठवडाभरात संप मोडला. कामगाराला हरविण्याचे सर्वांत जुने शस्त्र कोणते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने त्या डोंगरातील रिकाम्या चुली आठवाव्यात.

१८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास मज्जाव करणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत टिकला. आणि येथे चळवळीने आपल्याच घरातील अडगळ उघडून पाहिली पाहिजे. कारण हा कायदा केवळ मालकांनी केला नाही. त्यासाठी अमेरिकी कामगार संघटनांनी मोर्चे काढले. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने, तिचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या नावानिशी, १९०२ च्या सुमारास एक पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकातच ‘मांस विरुद्ध भात’ असे शब्द होते. भातावर जगणारा आशियाई मजूर मांस खाणाऱ्या अमेरिकी मजुराची मजुरी पाडतो, म्हणून त्याला हाकलून लावा, हा तिचा सारांश. १८६७ मध्ये त्याच ‘भातखाऊ’ मजुराने समान मजुरीसाठी संप केला होता आणि तेव्हा गोरे कामगार त्याच्या मदतीला धावले नव्हते, ही गोष्ट पुस्तिकेला अडचणीची होती. मजुरी पाडतो तो मालक. ताटातील पदार्थ पाहून शत्रू ठरविणाऱ्या संघटनेने मालकाचे काम फुकट करून दिले.

चिन्यांची खाणावळ वाढली तीदेखील याच कायद्याच्या फटीतून. मजुराला बंदी होती, व्यापाऱ्याला नव्हती. १९१५ मध्ये न्यायालयाने उपाहारगृहाच्या मालकाला व्यापारी मानले आणि नातलगांना आणण्याची एक वाट उघडली. ज्यांना खाण, रेल्वे, कारखाना बंद झाले ते कढईपुढे उभे राहिले. तेथील ‘झटपट आशियाई’ चव ही अशी बहिष्कारातून घडली आहे. आणि १९७५ नंतर व्हिएतनाम व लाओसमधील युद्धातून परागंदा झालेली माणसे कॅन्ससच्या कत्तलखान्यांत त्या साखळीवर उभी राहिली. मांस आणि भात यांच्यातील तथाकथित लढाईचा शेवट असा झाला, की भात खाणाराच मांस कापू लागला, आणि दोघांचे मिश्रण तव्यावर आले.

मुंबईच्या कामगार चळवळीने या प्रकरणाकडे पाहून नाक मुरडू नये. गिरण्यांतील विणखात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून त्या अधिक पगाराच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरू दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. वर्गाची एकजूट तोंडाच्या विटाळापाशी अडली होती, हे इतिहासात नोंदले गेले आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केले, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. या बंदीची झळ खाटीक, चामडे कमावणारे आणि म्हातारा बैल विकून बी-बियाण्याची सोय करणारा शेतकरी यांना बसते. त्यांना एकत्र आणण्याऐवजी ‘हा ताटाचा नाजूक विषय आहे’ म्हणून जो कार्यकर्ता गप्प राहतो, तो गॉम्पर्सच्या पंक्तीला बसण्याचा धोका पत्करतो.

स्वस्ताईचा अंत

शेवटी राहिले ‘स्वस्त’ हे विशेषण. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत खिम्याचा सरासरी भाव पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. वर्षानुवर्षांचे अवर्षण आणि महाग चारा यांमुळे शेतकऱ्यांनी गुरे विकली आणि त्या वर्षारंभी देशातील गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर होती. केंद्रीय किमान वेतन मात्र तासाला सव्वासात डॉलर. ते २००९ मध्ये ठरले आणि २०२५ मध्येही तेच होते. अनेक राज्यांनी स्वतःचे दर वाढविले आहेत, हे खरे. पण जेथे वाढविले नाहीत, तेथे तासभराच्या मजुरीत पौंडभर खिमा घेतला की हाती जेमतेम एक डॉलर उरतो. त्यातून नूडल्स, सोया सॉस, आले-लसूण. वीस मिनिटांच्या जेवणासाठी सव्वा-दीड तासाची मजुरी, असे त्याचे खरे माप आहे. त्या मजुरीत गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याचा वाटाही चार कंपन्यांच्या मर्जीवर.

मग करावयाचे काय?

यावर नीतिवादी म्हणतील, पाकीट टाकून द्या आणि पुन्हा सावकाश रांधा. हा उपदेश ज्याच्या घरी रांधणारी बाई आहे त्याला शोभतो. थकल्या-भागल्या स्त्रीला तिच्या वीस मिनिटांबद्दल अपराधी ठरविणे ही निव्वळ क्रूरता होय. तिने खुशाल खिमा परतावा. चळवळीने तिच्या तव्याकडे बोट दाखवू नये.

चळवळीने मागावयाचे ते वेगळे आहे. कामाचे तास कमी झाले पाहिजेत, म्हणजे स्वयंपाक उरकावा लागणार नाही. साखळीचा वेग ठरविण्यात कामगाराच्या युनियनला अधिकार हवा. तो ग्राहकाच्या आरोग्याच्याही हिताचा आहे. आणि तिसरी मागणी घरातील पुरुषाकडे आहे. ज्या पक्षकार्यकर्त्याच्या घरी बैठक संपेपर्यंत चहाचे कप फिरत राहतात आणि ते धुणारी व्यक्ती बैठकीत नसते, त्याने ही मागणी प्रथम स्वतःपुढे ठेवावी.

चौथी गोष्ट सामुदायिक स्वयंपाकाची. ऑगस्ट बेबेलने १८७९ मधील आपल्या ग्रंथात ती मांडली तेव्हा ते स्वप्नरंजन वाटले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सरकारी-नगरपालिकीय ‘ब्रिटिश रेस्टॉरंट्स’ उघडली, १९४३ पर्यंत त्यांची संख्या दोन हजारांवर गेली, आणि तेथे साध्या माणसाला माफक दरात गरम जेवण मिळत असे. अमेरिकेत ज्या युद्धकालीन कायद्याने मजुराला साखळीला जुंपले, त्याच धर्तीच्या आणीबाणीत दुसऱ्या देशाने सार्वजनिक पंगत मांडली, हा फरक लक्षणीय आहे. मुंबईत तर दाखला हाताशी आहे. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी-कामगाराला दोन वेळ जेऊ घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. तोवर त्यांच्या कामाला ना कामगार चळवळ ‘काम’ म्हणत होती, ना बँक ‘धंदा’. गिरणी त्यांच्या भाकरीवर चालत होती, एवढे मात्र खरे होते.

अर्थात अशा खाणावळींतही राबणार स्त्रियाच, आणि तेथेही मजुरी, तास व सुट्टी यांचे प्रश्न राहणारच. सामुदायिक चूल ही आपोआप समाजवादी होत नाही. तिच्यापुढे कोण उभे राहते आणि त्याला काय मिळते, हे येथेही विचारावे लागेल. पण बंद दाराआड एकटीने परतलेल्या खिम्याविषयी हा प्रश्न विचारताच येत नाही. चार जणींच्या चुलीविषयी तो विचारता येतो आणि उत्तर मिळेपर्यंत काम थांबविताही येते.

‘द जंगल’ वाचून १९०६ मध्ये अमेरिकी मध्यमवर्गाने ताट दूर सारले आणि कायदा होताच पुन्हा जवळ ओढले. मजूर होता तेथेच राहिला. आज त्या ताटात नूडल्स आल्या आहेत, चव बदलली आहे. ते ताट पुढे आल्यावर कॅन्ससच्या साखळीवरचा लाओसी मजूर, रात्रपाळीत करवत धुणारे तेरा वर्षांचे पोर आणि वीस मिनिटे उसनी काढून तव्यापुढे उभी असलेली बाई, हे तिघे एकाच मालकाच्या वेळापत्रकावर चालतात, एवढे ज्याच्या ध्यानी येईल त्याच्या हातून पुढचे काम होण्याची आशा आहे.